आधी पाना खाली ठेवा: जुन्या गाडीचं बिघडलेलं इंजिन वॉरंटीत बदलून घेण्याची रीत

फुल इंजिनकाम झालेली, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधलेली गाडी दोन-तीन हजार किलोमीटरात ऑइल खायला लागते. मालक घाबरतो, ओळखीच्या मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री सम्प, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा, उतरवतो, घासलेलं बेअरिंग हातात ठेवतो, आणि त्यानंतर इंजिन बांधणाऱ्याला फोन जातो. तोवर दावा संपलेला असतो. समोरचा एवढंच विचारतो, "आमच्याकडून इंजिन नीट बांधून, न उघडलेलं गेलं होतं. उघडलं कुणी?"

माझ्या १९८१च्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं असंच झालं. खंबाटकीचा घाट चढून वर आलो, ऑइलचा दिवा मिणमिणला, खालून ठकठक ऐकू आली. पुढच्या गावातल्या मिस्त्रीनं निव्वळ मदत म्हणून सम्प खोलला. इंजिन बांधून २,३०० किलोमीटर झाले होते आणि वॉरंटी १०,००० किलोमीटरची होती. तरी सगळा खर्च मला करावा लागला. नंतर ओळखीतल्या चार-पाच मालकांच्या भांडणात मी कागद घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की इंजिन सगळ्यांचीच खरोखर खराब होती; ज्यांनी क्रम पाळला त्यांनाच बदलून मिळाली. म्हणून हा क्रम नीट लिहून काढतो आहे.

उदाहरण पद्मिनीचं घेतलंय, म्हणजे १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. अ‍ॅम्बेसेडर असो की जुनी जीप, रीत हीच.

टप्पा १: वॉरंटी नेमकी कुणाची, ते ठरवा

या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांची वॉरंटी कधीच संपली. आज तुमच्या हातात असते ती तिघांपैकी एकाची: इंजिन बांधणाऱ्या गॅरेजची, तयार गाडी विकणाऱ्या डीलरची, किंवा रिंग-पिस्टन, बेअरिंग विकणाऱ्या दुकानाची. शेवटची सगळ्यांत कुचकामी. दुकानदार फार तर बेअरिंगचा नवा जोड देईल. त्या बेअरिंगनं खाल्लेला क्रँक (इंजिनातला फिरता मुख्य दांडा) तो भरून देणार नाही.

खरी अडचण येते ती काम वाटून दिलेलं असतं तेव्हा. बोअर (सिलिंडरचं भोक) एकाकडे मारला, क्रँक दुसऱ्याकडे ग्राइंड केला, सामान तुम्ही आणलं, फिटरनं मजुरीवर बसवलं. मग बोअरवाला फिटरकडे बोट दाखवतो, फिटर सामानाकडे, सामानवाला ऑइलकडे. इंजिन अजून बांधायचं असेल, तर सगळं काम एकाच बिलावर, एकाच माणसाच्या जबाबदारीवर द्या. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

पुढचे कागद एका फायलीत लावा:

- बिल, जीएसटी क्रमांकासह. त्यावर इंजिन नंबर आणि गाडी देतानाचं किलोमीटर वाचन हवं.
- वॉरंटीच्या अटी: महिने, किलोमीटर, आणि मजुरी धरली आहे की फक्त सामान.
- मापांचा कागद: बोअर कितीच्या ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा मोठा) गेला, क्रँक कितीच्या अंडरसाइजला (मूळ मापापेक्षा बारीक). पद्मिनीचा मूळ बोअर ६८ मिमी. त्यापुढे किती गेलात हे लिहिलेलं नसेल, तर पुढचं इंजिन कोणत्या स्थितीतून मिळणार यावर वाद होतो.
- पहिल्या सर्व्हिसची नोंद. पहिलं ऑइल साधारण ५०० किलोमीटरला बदलायचं, त्याच वेळी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) तपासायचे आणि बांधणाऱ्यानं सांगितलं असेल तर हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) नट पुन्हा कसायचे. ही सर्व्हिस चुकली की नकाराचं आयतं कारण समोरच्याला मिळतं.

*इशारा:* विमा कंपनीकडे धावू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. त्यात आठवडा घालवलात तर तो वॉरंटीच्या मुदतीतून जातो.

अटी लेखी नाहीत, फक्त तोंडी शब्द आहे? व्हॉट्सअ‍ॅपवरचा "सहा महिने बघायचं नाही" हाही पुरावाच आहे. तो फोन बदलण्याआधी जपून ठेवा.

टप्पा २: गाडी थांबवा, आणि थांबलेलीच राहू द्या

ऑइलचा दिवा, ठकठक, उकळलेलं पाणी, निळा किंवा पांढरा धूर: यांपैकी काहीही दिसलं की गाडी कडेला घ्या आणि किल्ली काढा. "घर दहाच किलोमीटर आहे" म्हणून रेटलेली गाडी हे दावा नाकारण्याचं सर्वांत मोठं आणि बऱ्याचदा रास्त कारण असतं. बेअरिंगचा दोष बांधणाऱ्याचा असेल. पण दिवा लागल्यावर दहा किलोमीटर चालवून फुटलेला कनेक्टिंग रॉड तुमच्या खात्यावर जातो.

किल्ली बंद केल्यावर लगेच किलोमीटर वाचनाचा फोटो काढा. मग गाडी टोचन करून न्या. टोइंगवाल्याची पावती तारीख आणि ठिकाणासह घ्या, कारण दोष दिसल्यावर गाडी चालवली नाही याचा एकमेव त्रयस्थ पुरावा तीच असते.

*तपासा:* पद्मिनीचा किलोमीटर काटा चालू आहे ना? बऱ्याच जुन्या गाड्यांचा तुटलेला असतो. काटा बंद असेल तर किलोमीटरच्या वॉरंटीला अर्थच उरत नाही आणि वाद महिन्यांवर येतो. इंजिन बांधताना केबलही बदलून घ्या.

टप्पा ३: इंजिन न उघडता पुरावा गोळा करा

दावा जिंकणं-हरणं इथंच ठरतं, म्हणून सावकाश करा. एक माणूस सोबत घ्या, सगळं दिवसाउजेडी करा, आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. तुकडे नकोत.

आधी नंबर प्लेट दाखवा, मग किलोमीटर काटा, मग ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा, इंजिन नंबर. नंबर धुळीनं भरलेला असेल तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, सँडपेपर लावू नका. त्यावर कागद धरून पेन्सिलनं छाप घ्या. पुढे आरटीओतही तो लागेल.

मग हेडचे आणि सम्पचे नट-बोल्ट जवळून दाखवा. चांगला बांधणारा हेड कसल्यावर नटावर आणि हेडवर मिळून रंगाची एक रेघ ओढतो. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. ती सलग असेल तर ती दाखवणारे दहा सेकंद तुमच्या सगळ्या पत्रांपेक्षा मोलाचे आहेत. बांधणाऱ्यानं रेघ ओढली नसेल, तर गाडी ताब्यात घेताना त्याच्यासमोर तुम्हीच नेल पॉलिशनं ओढा आणि फोटो त्याला पाठवून ठेवा.

आता डिपस्टिक. लेव्हल दाखवा. ऑइल पुरेसं असेल, तर "तुम्ही ऑइल बघितलंच नाही" हा आक्षेप जागीच मरतो. मग डिपस्टिकचं एक टोक पांढऱ्या कागदावर टेकवा आणि ऑइलचा डाग दोन मिनिटं पसरू द्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. माझ्या गाडीच्या डागात बारीक सोनेरी-तांबूस कण चकाकत होते, हळदीकुंकवाच्या ताटात सांडलेल्या चमकीसारखे. ते बेअरिंगच्या पत्र्याचे होते. दुधट, चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय किंवा हेड-ब्लॉकला तडा. काळ्या ऑइलमध्ये पेट्रोलचा वास आला तर आधी कार्ब्युरेटर आणि पंपाकडे बघा. तो बांधणीचा दोष नसेलही.

ऑइलचा नमुना हवा असेल तर ड्रेन बोल्ट खोलू नका. सलाइनची बारीक नळी सिरिंजला लावून डिपस्टिकच्या भोकातून १००-१५० मिलि ऑइल ओढा. स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा, झाकणावर चिकटपट्टी, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या. प्रयोगशाळेत कोणता धातू किती आहे ते कळतं. तांबं, शिसं, कथील वाढलेलं असेल तर बेअरिंग. लोखंड असेल तर बोअर, रिंग किंवा क्रँक. अ‍ॅल्युमिनियम असेल तर पिस्टन. एक नमुना पाठवा, दुसरा सीलबंद ठेवा.

शेवटी रेडिएटर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. पाणी किती, गंज किती, ऑइलची साय तरंगते का. हा भाग मालक टाळतात, कारण रेडिएटर तुंबलेला निघाला तर दोष आपल्यावर येईल अशी भीती असते. तरी दाखवाच. लपवलेली गोष्ट समोरच्यानं शोधली तर तुमच्या बाकीच्या खऱ्या पुराव्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

*इशारा:* कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरात दाब किती धरतो ते मोजणं) या टप्प्यावर करू नका. ठकठक करणारं इंजिन स्टार्टरवर फिरवणंही धोक्याचं, आणि प्लग तुमच्या मिस्त्रीनं काढले हा वाद वेगळाच.

टप्पा ४: लेखी कळवा, त्याच दिवशी

फोन करा, पण फोन झाल्यावर पाच मिनिटांत संदेश पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पत्र. रागाचं पत्र लिहू नका, आणि कारणही ठरवून टाकू नका. "तुम्ही हलकी बेअरिंग घातली" असं लिहिलंत आणि उघडल्यावर दोष ऑइल पंपात निघाला, तर तुमचंच पत्र तुमच्यावर उलटतं. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहा. मसुदा असा:

"आपण दि. ___ रोजी बिल क्र. ___ नुसार गाडी क्र. ___, इंजिन क्र. ___ याचं पूर्ण काम करून दिलं. दि. ___ रोजी ___ किलोमीटरवर ऑइलचा दिवा लागला व इंजिनातून ठोक्याचा आवाज आला. मी इंजिन तात्काळ बंद केलं. गाडी तेव्हापासून चालवलेली नाही व इंजिन उघडलेलं नाही. वॉरंटी चालू आहे. कृपया सात दिवसांत तपासणीची तारीख कळवावी. इंजिन माझ्या व माझ्या तज्ज्ञाच्या उपस्थितीतच उघडावं. उपस्थितीविना उघडल्यास त्यातल्या निष्कर्षांना माझी संमती राहणार नाही."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. माणसं भिडेखातर गाळतात, विशेषतः मिस्त्री वीस वर्षांच्या ओळखीचा असेल तर. भाऊ, दादा म्हणत गोडीत बोला, चहा प्या. पण पत्रात ती वाक्यं राहू द्या.

टप्पा ५: गाडी सोपवताना

टोइंग कोण करणार आणि खर्च कुणाचा हे आधी संदेशावर ठरवा. गॅरेजात जॉबकार्ड बनवून घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहून घ्या: किलोमीटर, इंजिन नंबर, "इंजिन न उघडलेल्या स्थितीत मिळालं", आणि सोबतचे भाग — कार्ब्युरेटर, डायनमो किंवा अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, एअर फिल्टर. जुन्या गाडीचे मूळ भाग "हरवतात" आणि परत मिळत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा फोटो. जॉबकार्डवर त्यांची सही आणि शिक्का. प्रत हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

टप्पा ६: दोघांसमोर उघडणी

या दिवशी दुसरं काही ठरवू नका. तुमच्या बाजूनं इंजिन कळणारा त्रयस्थ माणूस न्या: परवानाधारक मोटार सर्व्हेअर, किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ऑटोमोबाइल विभागातला अनुभवी माणूस. त्याची फी द्या आणि पावती घ्या, पुढे ती मागता येते. दुसऱ्या गॅरेजवाल्याला नेलंत तर त्याचं मत धंद्यातली चढाओढ म्हणून सोडून देतात.

उघडण्याचा क्रमही महत्त्वाचा:

१. इंजिन फिरवता येत असेल तर आता कॉम्प्रेशन टेस्ट: चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चारही आकडे लिहा. मग कमी भरलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंग-बोअर. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर.

२. ऑइल स्वच्छ भांड्यात काढा, कण बघा, बाटली भरून सील करा.

३. हेड. नट कोणत्या जोरानं सुटतात ते बघा. काही हातानं फिरले आणि काही आडले, तर टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं कसायचा पाना) न लावता कसलेलं असण्याची दाट शक्यता. गॅस्केट कुठं जळलं त्याचा फोटो, हेडच्या सपाटीवर पट्टी ठेवून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचं) माप.

४. सम्प, मग बेअरिंगच्या कॅपा. प्रत्येक कॅप कोणत्या सिलिंडरची हे चिठ्ठी लावून ठेवा. ढिगात टाकलेल्या बेअरिंगांवरून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

बेअरिंग नीट वाचलं तर दोष कुणाचा ते बरंच कळतं. पत्र्यात रुतलेले टोकदार कण आणि सरळ ओरखडे म्हणजे बोअर-ग्राइंडिंगनंतर ब्लॉकच्या ऑइल गॅलऱ्या (ऑइल वाहायच्या वाटा) आणि क्रँकची भोकं धुतली नव्हती. हा बांधणीचा दोष, यात मालकाचा हात नाही. एकाच कडेला घासलेलं बेअरिंग म्हणजे वाकडा रॉड किंवा निमुळता ग्राइंड झालेला जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग), हाही त्यांचाच. सगळी बेअरिंगं सारखी निळी-काळी जळलेली असतील तर ऑइलच पोचलं नाही. मग पंप, पिकअप जाळी (पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती) आणि ऑइलची लेव्हल बघायची. तिथं तुमचा डिपस्टिकचा व्हिडिओ कामाला येतो. पिस्टनचा माथा वितळलेला आणि हेड वाकलेलं असेल, तर उष्णतेचा किंवा ठिणगीच्या टायमिंगचा प्रश्न आधी येतो आणि रेडिएटरची चर्चा टळत नाही.

त्याच टेबलावर एक पानी नोंद करा: काय दिसलं, कोणतं माप, कोण हजर. कारणावर एकमत झालं नाही तरी "काय दिसलं" यावर दोघांच्या सह्या होऊ शकतात. खराब झालेले भाग पिशवीत भरून, दोघांच्या सह्यांची चिठ्ठी लावून सील करा. ते भंगारात गेले की दावाही गेला.

टप्पा ७: दुरुस्ती की बदली? काय मागायचं

बांधणारा "त्याच ब्लॉकमध्ये दुरुस्त करून देतो" म्हणाला तर लगेच नाही म्हणू नका. जुन्या गाडीत मूळ नंबराचा ब्लॉक ही मोठी गोष्ट आहे. ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर २०२१च्या नियमांत मूळ स्वरूपातली, मोठे फेरबदल न झालेली गाडी ही अट आहे. माझं मत असं: ब्लॉक शाबूत असेल आणि आणखी ओव्हरसाइज मारायला किंवा स्लीव्ह (बोअरच्या आत बसवायची नवी नळी) घालायला वाव असेल, तर मूळ ब्लॉकात सगळे अंतर्गत भाग नवे घ्या. ब्लॉकला तडा असेल, मेन बेअरिंगच्या जागा गेल्या असतील, किंवा एकदा दुरुस्त होऊन पुन्हा तोच दोष आला असेल, तर पूर्ण इंजिन मागा.

मान्य झालेलं सगळं लेखी घ्या: इंजिन बाहेर काढणं-बसवणं, गॅस्केट सेट, ऑइल, कूलंट, टोइंग कुणाकडे, काम किती दिवसांत, नव्या इंजिनाची वॉरंटी पहिल्यापासून की उरलेली. शेवटचं कलम बहुतेक जण विचारतच नाहीत. उरलेले दोन महिने घेऊन नवं इंजिन स्वीकारू नका.

*इशारा:* "आणखी थोडे भरा, चांगलं इंजिन देतो" या बोलीला सही करू नका. पैसे भरायचेच असतील तर कशासाठी, ते वेगळ्या बिलावर. नाहीतर वॉरंटीची बदली कागदोपत्री नवी खरेदी ठरते.

टप्पा ८: नकार आला तर

नकार लेखी मागा, कारणासह. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. लहान गॅरेजवाले इथंच बरेचदा बोलायला तयार होतात. नाही झाले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोग. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. मुदत दोन वर्षं. तुम्ही कामासाठी भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ऑनलाइन दाखल करता येते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून सीलबंद पिशव्या आणि बाटली जपायची. बिलात परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं कायद्यानं अनुचित प्रथेत मोडतं.

*तपासा:* गाडी लग्नात किंवा चित्रीकरणाला भाड्यानं देता का? व्यापारी वापराचा आक्षेप येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून करत असाल तर तसं तक्रारीत आधीच लिहा.

टप्पा ९: बदली इंजिन आणि नंबर

दुसऱ्या ब्लॉकाचं इंजिन आलं की नंबर बदलतो. आरसी बुकात तो बदलून घ्यावाच लागतो. आधी आरटीओत चौकशी करून परवानगीचा अर्ज करा. मंजुरीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत कळवायचं असतं. गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची संमती. मग विमा पॉलिसीवरही नवा नंबर चढवा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला निरीक्षक इंजिन नंबर बघतो, आणि न जुळणारा नंबर तिथं हमखास पकडला जातो.

ब्लॉक कुठून आला याचं बिल आणि ज्या गाडीतून तो काढला तिच्या आरसीची प्रत घ्या. भंगार बाजारातला बेवारस ब्लॉक फुकट मिळाला तरी नको. आणि "तुमचाच जुना नंबर ठोकून देतो" म्हणणाऱ्या गॅरेजातून तसंच बाहेर या. ते थेट पोलिसांचं प्रकरण आहे.

जुना ब्लॉक परत मागा. बदल्यात तो ठेवून घेण्याची त्यांची अट असेल, तर त्याच्या नंबरासह पावती घ्या.

टप्पा १०: नवं इंजिन बसल्यावर

पहिल्यांदा चालू करण्याआधी रेडिएटर काढून साफ, होस पाइप नवे, थर्मोस्टॅट तपासलेला. आधीच्या फुटक्या इंजिनाचे कण ऑइलच्या कोणत्याही वाटेत उरू देऊ नका. प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, ऑइल प्रेशर गेजवर आलं की मगच प्लग लावा. पहिली सुरुवात त्यांच्या गॅरेजात, त्यांच्या हातानं, तुमच्या कॅमेऱ्यासमोर.

हेडच्या नटांवर रंगाची रेघ ओढून घ्या. ५०० किलोमीटरला ऑइल त्यांच्याकडेच बदला, बिल घ्या, आणि निघालेल्या ऑइलची एक बाटली तारीख घालून घरी फळीवर ठेवून द्या.